कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधून शिरणारी चोरटी हवा: शोध आणि दुरुस्ती

कार्बोरेटर असलेली मोटारसायकल स्लो स्पीडला, म्हणजे गाडी उभी आणि मूठ सोडलेली असताना, स्थिर राहेनाशी होते, मूठ सोडल्यावरही इंजिनाचा आवाज बराच वेळ चढाच राहतो, किंवा इंजिन पुरेसे गरम झाले तरी चोक ओढल्याशिवाय ते चालत नाही, तेव्हा बहुतेक जण पहिल्यांदा कार्बोरेटर उघडतात, जेट साफ करतात, मिश्रणाचा स्क्रू दोन्हीकडे फिरवून पाहतात आणि तरीही फरक पडला नाही की नवा कार्बोरेटर आणण्याच्या गोष्टी करू लागतात. अशा अनेक वेळी कार्बोरेटर निर्दोष असतो. दोष असतो तो कार्बोरेटर आणि इंजिनाचे हेड यांना जोडणाऱ्या आखूड नळीत (मॅनिफोल्डमध्ये), तिच्या दोन टोकांच्या सांध्यांत किंवा तिच्यावरच्या एखाद्या बारीक तोटीत. ‘गाडी हवा घेते’ असे मेकॅनिक म्हणतात तो हा प्रकार. हवा कुठून येते हे ठरेपर्यंत स्लो स्पीडचा स्क्रू सोडून कार्बोरेटरच्या एकाही स्क्रूला हात लावू नये, कारण एकदा स्क्रू हलले की मूळ दोष आणि आपण घातलेली भर यांत फरक करणे फार कठीण होऊन बसते.

पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, पण स्लो स्पीडला थ्रॉटल, म्हणजे मूठ पिळल्यावर उघडणारी कार्बोरेटरमधली झडप, जवळजवळ बंद असल्यामुळे हवेची वाट अडलेली असते आणि थ्रॉटलच्या पुढच्या नळीत बाहेरच्यापेक्षा बराच कमी दाब तयार होतो. कार्बोरेटर स्वतःमधून गेलेल्या हवेच्या प्रमाणात पेट्रोल सोडतो. वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण मानले जाते आणि स्लो स्पीडला मिश्रण सहसा त्याहून थोडे दाट ठेवलेले असते. फटीतून आत शिरलेली हवा मात्र कार्बोरेटरच्या हिशेबात येतच नाही. तिच्या वाट्याचे पेट्रोल कोणी सोडलेले नसते, म्हणून मिश्रण पातळ होते. स्लो स्पीडला इंजिनाला लागणारी एकूण हवाच इतकी थोडी असते की केसाएवढ्या फटीतून येणारी हवासुद्धा हिशेब बिघडवते. उलट थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर नळीतला दाब बाहेरच्या दाबाच्या जवळ येतो, फटीतून हवा ओढली जाण्याचे कारणच उरत नाही, आणि जी थोडी येते ती एकूण प्रवाहात हरवून जाते. म्हणूनच मोकळ्या रस्त्यावर व्यवस्थित पळणारी गाडी सिग्नलला थांबल्यावर त्रास देऊ लागली, तर संशय या नळीवर घ्यावा. दोष फक्त पूर्ण वेगात दिसत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा, मेन जेट आणि एअर फिल्टर यांकडे वळावे.

लक्षणांपैकी सर्वांत बोलके लक्षण असे, की स्लो स्पीडचा स्क्रू पूर्ण सैल करून थ्रॉटल बंद केला तरी इंजिन चढ्या आवाजात चालतच राहते. कार्बोरेटरची वाट बंद असताना इंजिनाला हवा मिळते आहे, याचा अर्थ ती दुसरीकडून येते आहे. त्याखालोखाल महत्त्वाचे म्हणजे मूठ पिळून सोडल्यावर आवाज चटकन न उतरता वर लटकून राहणे. मूठ सोडून गाडी उतरत असताना सायलेन्सरमध्ये फटाके वाजणे, कमी वेगात एकसारखी मूठ धरली असता गाडीने पुढेमागे हिसके देणे आणि प्लगचे पोर्सेलीन पांढरेफटक दिसणे हीही पातळ मिश्रणाचीच चिन्हे आहेत, पण त्यांपैकी एकट्यावर विसंबू नये; फटाके तर बेंड पाइपचे, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या नळीचे, पॅकिंग गेल्यानेही वाजतात.

सारखीच लक्षणे देणारी दोन-तीन साधी कारणे आधी बाजूला काढावीत. ॲक्सिलरेटरच्या केबलला मुठीपाशी दोन-तीन मिलिमीटर ढील आहे ना हे पाहावे. मग इंजिन चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवावे, आणि तेवढ्याने आवाज चढत असेल तर दोष केबलच्या मार्गात आहे. चोकचा दट्ट्या पूर्ण बसतो का, थ्रॉटल सोडल्यावर टक्कन मिटतो का, हेही बघावे. स्लो स्पीडचे पेट्रोल सोडणारे पायलट जेट तुंबले असेल तरी मिश्रण पातळच होते, परंतु त्या वेळी इंजिन चढ्या आवाजात लटकण्यापेक्षा स्लो स्पीडला मरून जाण्याकडे त्याचा कल अधिक असतो.

फट शोधणे

पहिली तपासणी डोळ्यांनी आणि बोटांनी, इंजिन थंड आणि बंद असताना करावी. मॅनिफोल्डचे रबर वरून पाहिले तर काळे, गुळगुळीत आणि धडधाकट दिसते. त्याचा दोष वळणाच्या आतल्या बाजूला, क्लॅम्पच्या खाचेत किंवा रबर आणि धातूची पट्टी जिथे एकमेकांना चिकटवलेली असतात त्या कडेला असतो. कार्बोरेटर हाताने धरून हलकेच वर-खाली आणि डावी-उजवीकडे ढकलावा व त्याच वेळी विजेरी रबराच्या खालच्या बाजूने धरावी. एरवी मिटलेली चीर त्या ताणाने ओठांसारखी उघडते, आणि तिच्या आतले रबर बाहेरच्या धुळकट रबरापेक्षा गडद काळे दिसते. वरवरच्या बारीक, जाळीदार भेगा जुन्या रबराला पडतातच, त्या सगळ्या आरपार गेलेल्या नसतात. नखाने चाचपून चीर खोल लागली तर मात्र ते रबर गेले असे समजावे.

त्यानंतर मॅनिफोल्डवरच्या तोट्या पाहाव्यात. अनेक गाड्यांत व्हॅक्यूम, म्हणजे नळीतला कमी दाब, मोजण्यासाठी तिथे एक बारीक पितळी तोटी असते आणि तिच्यावर रबरी टोपी बसवलेली असते. उष्णतेने ही टोपी कडक होते, तिच्या टोकाला चीर पडते किंवा ती गुपचूप गळून जाते. माझ्या स्वतःच्या गाडीचा कार्बोरेटर मी लागोपाठ दोन संध्याकाळी उघडून धुतला होता, आणि तिसऱ्या दिवशी टाकी उतरवल्यावर लक्षात आले की चण्याएवढी ती टोपी जागेवर नव्हतीच; तेव्हापासून मी आधी तोट्या मोजतो. पेट्रोल कॉक व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर त्याच्याकडे जाणारी नळीही याच यादीत येते. ती मॅनिफोल्डपाशी काढून तोटी तात्पुरती बुचाने बंद करावी आणि कॉक ‘प्राइम’वर (व्हॅक्यूमशिवाय पेट्रोल सोडणाऱ्या जागी) ठेवून इंजिन चालवून पाहावे; दोष गेला तर नळी किंवा कॉकमधला पडदा फाटला आहे. त्या काढलेल्या नळीतून पेट्रोल ठिबकत असेल तर पडदा निश्चित गेलेला आहे, मात्र अशा वेळी पेट्रोल थेट इंजिनात ओढले जाऊन मिश्रण पातळ होण्याऐवजी दाट झालेले आढळेल. एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांत तिच्या झडपेला जाणारी बारीक व्हॅक्यूम नळीही मॅनिफोल्डवरूनच निघते, तीही अशीच तपासावी.

डोळ्यांना काही सापडले नाही तर फवाऱ्याची चाचणी करावी. ती उघड्यावर करावी, आणि सुरुवात साध्या पाण्याने करावी, कारण पाण्याने आग लागत नाही आणि रबर फुगत नाही. इंजिन स्लो स्पीडला चालू ठेवून, बारीक धार सोडणाऱ्या बाटलीने एका वेळी एकाच सांध्यावर थोडे पाणी मारावे आणि दोन-तीन सेकंद कान देऊन थांबावे. फट असेल तर पाणी तिच्यात ओढले जाते, ती क्षणभर बुजते आणि आवाजात बदल होतो: कधी आवाज दबतो, कधी अडखळतो, तर कधी अनपेक्षितपणे एकसारखा होतो. हेडच्या सांध्यापासून सुरुवात करून कार्बोरेटरकडे, खालून वर, असे क्रमाने जावे. एकदम सगळे भिजवून टाकले तर काहीच कळत नाही. प्लगच्या टोपीवर पाणी उडाले तर ठिणगी चुकून इंजिन अडखळते आणि आपण त्याला फट समजून बसतो, हेही ध्यानात ठेवावे.

पाण्याने निर्णय झाला नाही तर कार्बोरेटर साफ करण्याचा स्प्रे बारीक नळी लावून वापरता येतो. फटीतून तो आत गेला की पातळ मिश्रणाला इंधन मिळते आणि आवाज चढतो, म्हणून हा कौल पाण्यापेक्षा स्पष्ट असतो. पण हा स्प्रे अत्यंत ज्वालाग्राही आहे. बेंड पाइप तापलेला असताना तो त्याच्या दिशेने कधीही मारू नये, थेंबाथेंबानेच वापरावा आणि अग्निशामक हाताशी ठेवल्याशिवाय डबा उचलू नये. एक चूक इथे वारंवार होते: स्प्रेची वाफ एअर फिल्टरच्या तोंडातून आत जाते, इंजिन चढते, आणि चांगले रबर निष्कारण बदलले जाते. त्यासाठी चाचणीच्या जागेच्या आणि फिल्टरच्या तोंडाच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा आडवा धरावा. न पेटवलेला गॅस सोडून फट शोधण्याची पद्धतही काही जण वापरतात, पण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि या कामासाठी तो धोका पत्करावा असे मला वाटत नाही.

हवेने थंड होणारे इंजिन उभ्या गाडीत फार वेळ चालवू नये. पाच-सहा मिनिटांत चाचणी उरकावी, नाहीतर मध्ये थांबून इंजिन निवू द्यावे. काही फटी फक्त थंड असताना उघड्या असतात आणि धातू तापून फुगल्यावर मिटतात, काहींचे नेमके उलटे असते, म्हणून गाडी ज्या अवस्थेत त्रास देते त्याच अवस्थेत तपासणी करावी.

सर्वांत खात्रीची, आणि माझ्या मते सर्वांत कमी वापरली जाणारी, पद्धत म्हणजे इंजिन बंद ठेवून दाबाने तपासणे. चार-स्ट्रोक इंजिनात पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणावा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात. कार्बोरेटर काढून मॅनिफोल्डच्या रबरात घट्ट बसणारे बूच घालून त्यावर क्लॅम्प आवळावा आणि व्हॅक्यूमच्या तोटीतून हातपंपाने अर्धा ते एक पीएसआय (चौरस इंचाला पौंड) एवढाच दाब द्यावा. तोटी नसेल तर बुचालाच भोक पाडून त्यातून नळी न्यावी. मग सांध्यांवर ब्रशने साबणाचे पाणी लावावे. मोठी फट असेल तर फुगा फुटून जातो, पण बारीक फटीपाशी मोहरीएवढ्या बुडबुड्यांचा पांढरा फेस सावकाश उमलतो आणि पुसला तरी त्याच जागी पुन्हा येतो. या चाचणीत कार्बोरेटर बाहेर असल्यामुळे थ्रॉटलचा दांडा तपासला जात नाही, तो वेगळा पाहावा लागतो.

दोन-स्ट्रोक इंजिनात फट मॅनिफोल्डपुरती मर्यादित राहत नाही, कारण तिथे संपूर्ण क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची क्रँकची पेटी, हाच हवेच्या मार्गाचा भाग असतो. सिलिंडरच्या तळाचे पॅकिंग आणि मॅग्नेटोच्या बाजूचे क्रँकचे ऑइल सील यांतूनही हवा आत येते. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडे बंद करून क्रँककेसमध्ये ५ ते ६ पीएसआय दाब भरावा. तो काही मिनिटे टिकला पाहिजे. ज्या दोन-स्ट्रोक गाडीत ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून घालतात, तिथे मिश्रण पातळ होणे म्हणजे वंगणही कमी पडणे होय, आणि त्यामुळे पिस्टन जाम होऊ शकतो. अशी गाडी दोष सापडेपर्यंत चालवूच नये.

दुरुस्ती

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पेट्रोल बंद करावे, क्लॅम्प चांगले सैल करावेत आणि कार्बोरेटर मागे-पुढे हलवत सोडवावा; स्क्रू ड्रायव्हरने रबर उचकटले तर नवी चीर आपणच पाडतो. मॅनिफोल्ड उघडताच हेडच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबावे, आणि ते बाहेर लोंबत राहील इतके मोठे घ्यावे, म्हणजे जोडणीच्या वेळी ते आतच विसरले जाणार नाही.

हेड आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये सहसा उष्णता अडवणारी जाड चकती असते आणि तिच्या एका किंवा दोन्ही बाजूंना ओ-रिंग किंवा कागदी पॅकिंग असते. जुनी ओ-रिंग काढून तळहातावर ठेवून पाहावी. तिचा छेद मुळात गोल असतो. ती दोन्हीकडून चपटी आणि कडक झाली असेल, तर खाचेत ती पृष्ठभागाच्या वर येतच नव्हती आणि सांधा केवळ धातूवर धातू टेकून चालला होता असा त्याचा अर्थ होतो. नवी ओ-रिंग त्याच मापाची आणि पेट्रोल सहन करणाऱ्या नायट्राइल किंवा व्हिटॉन रबराची असावी. पाण्याच्या नळाला वापरतात त्या ओ-रिंगांपैकी अनेक ईपीडीएम रबराच्या असतात, आणि त्या पेट्रोलने फुगतात. जुळते माप मिळाले तरी त्या इथे चालणार नाहीत.

ओ-रिंग बदलूनही सांधा गळत असेल तर मॅनिफोल्डची हेडवर बसणारी धातूची पट्टी वाकलेली असते. याला बहुधा आधीच्या माणसाचा जोर कारणीभूत असतो: दोन बोल्ट अति आवळले की पट्टीचे कान हेडकडे वाकतात आणि मधला भाग वर उचलला जातो. पृष्ठभाग लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून स्वच्छ करावा, त्यावर सरळ पोलादी पट्टी उभी धरावी आणि तिच्या खाली फीलर गेजचे (फट मोजणाऱ्या पात्यांच्या संचातले) ०.०५ मिमीचे पाते सरकवून पाहावे. ते सहज जात असेल तर जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पसरून, तो पाण्याने ओला करून, मॅनिफोल्डची पट्टी त्यावर इंग्रजी आठच्या (8) आकारात, हलक्या हाताने घासावी. दर दहा-बारा फेऱ्यांनंतर उलटून बघावे: घासला गेलेला भाग चमकतो आणि खोलगट भाग मळकटच राहतो, त्यामुळे किती काम उरले ते लगेच कळते. ओ-रिंगची खाच असलेल्या पृष्ठभागावर मात्र हात आखडता घ्यावा, कारण जितके घासावे तितकी खाच उथळ होते. हेडचा पृष्ठभाग वाकलेला आढळला तर तो इंजिनावर असताना घासू नये. कण आत गेले तर व्हॉल्व्ह आणि सिलिंडर दोन्ही खराब होतात.

चिरलेल्या रबराला पंक्चरचे सोल्यूशन, चिकटपट्टी किंवा सिलिकॉनचा लेप लावून वेळ मारून नेण्याची पद्धत फार रूढ आहे. घरापर्यंत पोहोचण्यासाठी एक वेळ ते क्षम्य म्हणता येईल. सर्वसाधारण सिलिकॉन पेट्रोलच्या संपर्कात मऊ पडते, सुटते आणि त्याचे तुकडे इनटेकमध्ये जातात, म्हणून या सांध्यांवर ते लावूच नये. कडक झालेले रबर रसायनात भिजवून मऊ करता येते हे खरे, पण त्याने चीर सांधली जात नाही. रबर बदलणे हाच इलाज आहे. नवे रबर ताठ वाटत असेल तर गरम पाण्यात काही मिनिटे ठेवून पुसून बसवावे.

जोडताना रबरावरची खाच आणि कार्बोरेटरवरचा दात एकमेकांत आले आहेत ना हे बघावे, कारण कार्बोरेटर तिरका बसला की रबराला कायमचा पीळ राहतो. मॅनिफोल्डचे बोल्ट आधी हाताने टेकवावेत आणि मग आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. हेड ॲल्युमिनियमचे असते, आणि ६ मिमीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात, तरी गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा. क्लॅम्प रबराच्या ओठावर न येता त्याच्यासाठी केलेल्या खाचेत बसला पाहिजे. काही क्लॅम्पच्या दोन टोकांमध्ये छोटी नळी असते. टोके तिला टेकली की थांबावे.

थ्रॉटलचा दांडा हा वेगळाच प्रश्न आहे. फुलपाखरी झडप असलेल्या कार्बोरेटरमध्ये दांडा वर्षानुवर्षे फिरून त्याची भोके लांबट होतात. दांड्याचे टोक चिमटीत धरून वर-खाली हलवले असता तो खडखडला आणि तिथे पाणी मारल्यावर आवाज बदलला, तर हवा तिथूनच येते आहे. नुसती सील गेली असेल तर ती बदलता येते, पण त्यासाठी झडपेचे दोन बारीक स्क्रू काढावे लागतात, आणि ते सुटू नयेत म्हणून त्यांची टोके कारखान्यातच ठोकून पसरवलेली असतात. ती टोके आधी घासून सपाट करावीत आणि जोडताना नवे स्क्रू पुन्हा तसेच पक्के करावेत; सुटलेला स्क्रू सरळ इंजिनात जातो. भोकेच झिजली असतील तर लेथवर बुश बसवून घ्यावे लागते. ते काम कार्बोरेटरच्या जाणकाराकडेच द्यावे.

दुरुस्तीनंतरची जुळवणी

आता कार्बोरेटरच्या स्क्रूंची पाळी येते. गाडी दहा मिनिटे चालवून गरम करावी आणि फट लपवण्यासाठी कोणी मोठे जेट घातले असेल किंवा नीडलची क्लिप सरकवली असेल तर ते आधी मूळ जागी आणावे. मिश्रणाचा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो सहसा पेट्रोलचा असतो आणि बाहेर काढल्याने मिश्रण दाट होते. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो आणि बाहेर काढल्याने मिश्रण पातळ होते. दीड ते अडीच फेरे बाहेर ही बहुतेकांची सुरुवातीची जागा असते. तिथून पाव-पाव फेरा फिरवून इंजिन जिथे सर्वांत चढे आणि एकसारखे चालते ती जागा धरावी व मग स्लो स्पीडचा स्क्रू मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणावा. मिश्रणाचा स्क्रू दोन्हीकडे फिरवूनही इंजिनावर काहीच परिणाम होत नसेल तर एखादी फट अजून शिल्लक आहे किंवा पायलट जेट तुंबलेले आहे. एकाहून अधिक कार्बोरेटर असलेल्या गाडीत यानंतर व्हॅक्यूम गेज लावून सगळे कार्बोरेटर एकमेकांशी जुळवावे लागतात, आणि ते झाल्यावर तोट्यांच्या टोप्या परत घालायच्या असतात, ज्या विसरल्या तर सारे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

नवे रबर आणि नवे पॅकिंग पहिल्या काही तापण्या-निवण्यांत थोडे दबतात, म्हणून दोन-तीनशे किलोमीटरनंतर थंड इंजिनावर बोल्ट आणि क्लॅम्प एकदा पाहून घ्यावेत. पाव फेरा बसला तर त्यात काही वावगे नाही. क्लॅम्प पुन्हा पुन्हा सैल होत असेल किंवा कार्बोरेटर हाताने फिरत असेल, तर तो आणखी आवळत न बसता रबर काढून त्याचे माप कार्बोरेटरच्या तोंडाशी पडताळावे.